विश्लेषण : सिमेंटची बचत गोणीत, कसोटी मात्र भिंतीवर

नवी दिल्ली : देशातील १८६ सिमेंट कारखान्यांना प्रत्येक टन उत्पादनामागे किती हरितगृह वायू सोडता येतील, याची मर्यादा आता नियमाने आखून देण्यात आली आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांत ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतील २८२ उद्योगांचा समावेश आहे. २०२३-२४ हे आधारवर्ष धरून २०२५-२६ आणि २०२६-२७ या दोन वर्षांची लक्ष्ये त्यांना देण्यात आली आहेत. लक्ष्यापेक्षा सरस कामगिरी करणाऱ्याला कार्बन प्रमाणपत्रे मिळतील. मागे पडणाऱ्याला ती विकत घ्यावी लागतील किंवा पर्यावरण भरपाई मोजावी लागेल.

या यादीत सर्वाधिक कारखाने सिमेंटचे आहेत, ही बाब आकस्मिक नाही. चीनपाठोपाठ जगात सर्वाधिक सिमेंट भारतात तयार होते. वार्षिक उत्पादनाने ४० कोटी टनांचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे. वस्तू व सेवा कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने मागणीला आणखी चालना मिळेल, अशी उद्योगाची अपेक्षा आहे. एकीकडे उत्पादन वाढवायचे आणि दुसरीकडे प्रत्येक टनामागचे उत्सर्जन घटवायचे, अशा दुहेरी पेचात सापडलेल्या उद्योगापुढे सर्वांत जवळचा आणि सर्वांत स्वस्त मार्ग एकच आहे. सिमेंटमधील क्लिंकरचे प्रमाण कमी करून त्याची जागा राख, स्लॅग, भाजलेली चिकणमाती किंवा बारीक दळलेली चुनखडी अशा खनिज पदार्थांनी भरून काढणे.

कागदावर हा मार्ग सरळ दिसतो. मात्र सिमेंटचा प्रवास कारखान्याच्या फाटकापाशी संपत नाही. तो संपतो गवंड्याच्या घमेल्यात, विटांच्या सांध्यात आणि भिंतीवरच्या गिलाव्यात. तेथे हा बदल कसा उतरतो, याची चर्चा उत्सर्जनाच्या आकडेमोडीत क्वचितच होते.

क्लिंकरची अडचण

सिमेंटचे मूळ द्रव्य म्हणजे क्लिंकर. चुनखडी आणि माती यांचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून ते तयार होते. या प्रक्रियेतील खरी अडचण इंधनाची नसून दगडाची आहे. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंमधून भाजताना ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी कोळशावर चालवा, टाकाऊ पदार्थांवर चालवा किंवा उद्या हरित हायड्रोजनवर चालवा, दगडातून निघणारा हा वायू टळत नाही. क्लिंकरच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ६० टक्के वाटा याच रासायनिक विघटनाचा असतो. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात जातो, तो मुख्यतः यामुळे.

म्हणूनच सौर पॅनेल किंवा कार्यक्षम भट्ट्या यांच्यापेक्षा क्लिंकरची बचत हा उपाय अधिक मुळाशी जाणारा ठरतो. भारतीय मानक ब्युरोने त्यासाठी दारे पुष्कळ आधीपासून उघडी ठेवली आहेत. साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये क्लिंकर ९५ टक्क्यांच्या आसपास असते. राख मिसळलेल्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. स्लॅग सिमेंटमध्ये झोतभट्टीतील दाणेदार स्लॅगचे प्रमाण २५ ते ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. राख आणि स्लॅग दोन्ही असलेल्या संमिश्र सिमेंटचे मानक २०१५ मध्ये आले, तर भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी असलेल्या सिमेंटचे मानक, आयएस १८१८९, २०२३ मध्ये. देशात विकल्या जाणाऱ्या सिमेंटपैकी मोठा हिस्सा आज मिश्र सिमेंटचाच आहे. गावातल्या दुकानातून ‘राखेचे सिमेंट’ म्हणून जी गोणी घरी येते, ती याच प्रकारातली.

जुनेच तत्त्व, नवी गरज

खनिज पदार्थ मिसळून मसाला करण्याची कल्पना या देशाला नवी नाही. भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजेच सुरखी, चुन्यात मिसळून केलेल्या मसाल्यावर कित्येक पिढ्यांनी वाडे, पूल आणि धरणे उभारली. १८९५ मध्ये पूर्ण झालेले मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीच्या काँक्रीटचे आहे. म्हैसूर संस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभ्या राहिलेल्या कृष्णराजसागर धरणाच्या दगडी बांधकामातही सुरखीचाच मसाला वापरला गेला. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या आणि जुन्या वाड्यांच्या आवारात चुना मळण्याच्या घाणीचे गोल दगडी चर आजही दिसतात. त्या घाणीत बैल फिरत, चुना आणि वाळू दिवसेंदिवस मळली जाई, आणि तयार मसाला ओला ठेवून मगच वापरला जाई.

सुरखीतील सिलिका चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात संथपणे संयोग पावते आणि त्यातून दगडासारखा घट्ट पदार्थ बनतो. राखेचे कामही याच तत्त्वावर चालते. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा बळ देणाऱ्या द्रव्याबरोबरच कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे एका अर्थी विरलेला चुना, तयार होतो. हा चुना भिंतीच्या ताकदीत फारशी भर घालत नाही. उलट तो पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन पांढरे डाग पाडतो. राखेतील काचरूप सिलिका आणि ॲल्युमिना हाच चुना बांधून घेतात आणि त्यापासून आणखी बळकट द्रव्य तयार करतात. मसाल्यातील सूक्ष्म छिद्रे भरत जातात, पाणी आणि क्षार आत शिरण्यास अडथळा निर्माण होतो. किनारपट्टीवरील किंवा सल्फेटयुक्त जमिनीतील बांधकामासाठी मिश्र सिमेंट अधिक टिकाऊ मानले जाते, ते याच कारणाने.

फरक आहे तो वेळेचा. सिमेंटची मुख्य प्रक्रिया पहिल्या काही दिवसांत जोर धरते, तर राखेची प्रक्रिया आठवड्यांनी आणि महिन्यांनी मोजावी लागते. तोवर भिंत ओली राहिली पाहिजे. चुन्याच्या काळातील गवंड्यांकडे हा धीर होता, कारण चुन्याने त्यांना दुसरा पर्यायच ठेवला नव्हता. सिमेंट आले आणि सकाळी बांधलेल्या भिंतीवर दुसऱ्या दिवशी पुढचा थर चढवण्याची सवय लागली. राखेने पुन्हा जुन्या धीराची मागणी केली आहे आणि बांधकामाच्या जागेवर नेमकी तीच गोष्ट दुर्मिळ झाली आहे.

मसाला म्हणजे काँक्रीट नव्हे

सिमेंटच्या पर्यायांवरील बहुतेक चर्चा काँक्रीटला समोर ठेवून होते. पूल, धरणे आणि उंच इमारती यांच्या काँक्रीटवर प्रयोगशाळा असतात, अभियंते असतात, घन ठोकळे फोडून पाहिले जातात. विटांच्या सांध्यातला मसाला आणि भिंतीवरचा गिलावा यांच्या वाट्याला अशी देखरेख क्वचितच येते. वास्तविक या दोहोंची गरज काँक्रीटपेक्षा वेगळी आहे, आणि एका बाजूने पाहिले तर राखेला अधिक अनुकूलही आहे.

विटकामासाठी सर्वसाधारणपणे एकास सहा, म्हणजे एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू असा मसाला वापरतात. २८ दिवसांनंतर अशा मसाल्याकडून प्रति चौरस मिलिमीटर ३ न्यूटन इतक्याच ताकदीची अपेक्षा असते. बाजारात सर्रास मागितले जाणारे ‘५३ ग्रेड’चे सिमेंट याच्या तुलनेत कितीतरी अधिक बळाचे आहे. तो ५३ चा आकडादेखील तमिळनाडूतील एन्नोरच्या प्रमाणित वाळूसह एकास तीन प्रमाणात केलेल्या मसाल्याच्या ठोकळ्यावरून काढलेला असतो. विटेपेक्षा मसाला कठीण असू नये, हा बांधकामशास्त्राचा जुना दंडक आहे. भिंतीला हालचाल झालीच तर तडा सांध्यात जावा, वीट फुटू नये, हा त्यामागचा हेतू. गिलाव्यात तर जादा सिमेंट हेच केसासारख्या बारीक तड्यांचे एक प्रमुख कारण असते. सिमेंट जितके अधिक आणि जितके बारीक, तितके वाळताना आकुंचन जास्त. तरीही ‘मजबुतीसाठी’ म्हणून ५३ ग्रेडची गोणी गिलाव्यात रिती करण्याची प्रथा शहरांतही सुटलेली नाही. विटकामाला किंवा गिलाव्याला इतक्या बळाची गरज नसते, हे सांगण्यात कोणत्याही विक्रेत्याचे हित नाही.

बचतीचा हिशेब साधा आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-विश्लेषणानुसार एकास सहा प्रमाणाच्या एक घनमीटर मसाल्यास सुमारे २५० किलो सिमेंट लागते. साध्या सिमेंटपैकी २० टक्क्यांच्या जागी चांगल्या प्रतीची राख वापरली तर ५० किलोंची, म्हणजे नेमकी एका गोणीची बचत होते. कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात ती ४० किलोंहून अधिक भरते. राखेचे कण गोल आणि गुळगुळीत असल्याने मसाला थापीखाली सहज सरकतो, पाणीही थोडे कमी लागते. नदीच्या वाळूची जागा आता दगड फोडून केलेली, धारदार कणांची कृत्रिम वाळू घेत आहे. महाराष्ट्रानेही मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण स्वीकारले. अशा खरखरीत वाळूच्या मसाल्यात राखेचा हा गुण विशेष उपयोगी पडतो.

मात्र हीच राख गिलाव्यात कशी फसते, तेही पाहावे लागेल. गिलाव्याचा थर साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असतो. एका बाजूने वीट त्यातले पाणी शोषून घेते, दुसऱ्या बाजूने ऊन आणि वारा ते उडवून नेतात. एप्रिल-मे महिन्यांतील विदर्भ, तेलंगणा किंवा बुंदेलखंडातील दुपारी हा थर काही तासांत कोरडा पडतो. पाणी संपले की राखेची प्रक्रिया तेथेच थांबते. मग ती राख बळ देणारे द्रव्य राहत नाही, केवळ बारीक भुकटी म्हणून थरात पडून राहते. नखाने ओरखडा काढला की भुसभुशीत पूड खाली पडते, आणि दोष सिमेंटच्या कंपनीवर किंवा ‘राखेच्या सिमेंट’वर जातो. काँक्रीटच्या २००० सालच्या संहितेत साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंट किंवा खनिज मिश्रण असलेल्या कामासाठी किमान १० दिवस पाणी मारण्याची शिफारस आहे. कोरड्या आणि उष्ण हवेत हीच मुदत अनुक्रमे १० आणि १४ दिवसांवर जाते. गिलाव्याला इतके दिवस पाणी मिळते का, याचे उत्तर कोणत्याही चालू कामावर दुपारी चक्कर मारली तरी मिळेल. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या घरमालकाला तर हे दिवस मोजणे परवडतही नाही.

दुहेरी राखेचा घोटाळा

याहून गंभीर प्रश्न माहितीचा आहे. सिमेंटमध्ये राख कारखान्यातही मिसळली जाते आणि बांधकामाच्या जागेवरही. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे योग्य आहेत, एकत्र आल्या की हिशेब बिघडतो. गोणीत आधीच ३० टक्के राख असेल आणि ठेकेदाराने त्या सिमेंटपैकी आणखी २० टक्क्यांच्या जागी राख घातली, तर मसाल्यातील बांधक द्रव्यात राखेचा वाटा ४४ टक्क्यांवर जातो. पोझोलाना सिमेंटसाठी मानकाने घातलेल्या ३५ टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा तो बराच वर आहे. नियंत्रित काँक्रीटमध्ये, रासायनिक मिश्रकांसह आणि काटेकोर देखरेखीखाली, याहून अधिक राख यशस्वीपणे वापरली गेली आहे. घमेल्याने मोजलेल्या, पाण्याचा अंदाज डोळ्यांनी घेतलेल्या आणि दोन दिवस पाणी मारलेल्या मसाल्यात ते धाडस ठरते.

जागेवर मिसळली जाणारी राख कोणती, हा पुढचा मुद्दा. औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्याआधी विद्युत अवक्षेपकांत पकडली जाणारी कोरडी, बारीक राख आणि पाण्याबरोबर वाहून नेऊन तळ्यात साठवलेली राख या दोन भिन्न वस्तू आहेत. मानकानुसार सिमेंटमध्ये किंवा मसाल्यात पोझोलाना म्हणून वापरायच्या राखेची सूक्ष्मता प्रति किलो किमान ३२० चौरस मीटर असावी लागते, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून अधिक राख उरता कामा नये, आणि न जळालेल्या कोळशाचे मोजमाप असलेला ज्वलन-घट ५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. तळ्यातली राख भरड असते, तिच्यात भट्टीच्या तळाची जाड राखही मिसळलेली असते. भराव, रस्ते, विटा यांसाठी ती उपयोगी आहे. मसाल्यात मात्र ती सिमेंटची जागा घेऊ शकत नाही, फार तर थोड्या वाळूची घेऊ शकेल. डंपरमधून उतरलेल्या करड्या ढिगाकडे पाहून हा फरक ओळखता येत नाही. छोट्या कामावर तो तपासणारेही कोणी नसते.

राखेला आलेली किंमत

राखेच्या उपलब्धतेचे चित्र गेल्या तीन दशकांत पूर्णपणे पालटले आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नोंदीनुसार १९९६-९७ मध्ये देशात ६.८८ कोटी टन राख निर्माण झाली आणि तिच्यापैकी अवघी ९.६३ टक्के वापरात आली. २०२१-२२ मध्ये राख २७ कोटी टनांवर पोहोचली आणि वापराचे प्रमाण ९६ टक्क्यांच्या जवळ गेले. सप्टेंबर १९९९ च्या पहिल्या अधिसूचनेपासून वाढत गेलेले नियम हे त्याचे एक कारण. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर राखेच्या शंभर टक्के वापराचे बंधन घातले आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपयांची पर्यावरण भरपाई लावली. सिमेंट कारखाने हे या राखेचे मोठे गिऱ्हाईक आहेत.

वापर वाढला तशी राखेला किंमतही आली. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये वीज केंद्रांना राख पारदर्शक बोलीद्वारे देण्याचा आणि उरलेली राख मागेल त्याला मोफत देण्याचा सल्ला दिला. त्यानंतर चांगल्या, बारीक राखेवर मोठ्या खरेदीदारांची पकड बसणे स्वाभाविक होते. वीट उत्पादकांच्या आणि लहान वापरकर्त्यांच्या तक्रारी त्यातूनच उद्भवल्या. बीड जिल्ह्यातील परळी येथील राखेचा उपसा आणि वाहतूक यावरून २०२५ च्या प्रारंभी महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले. फेकून देण्याची वस्तू म्हणून जिच्याकडे पाहिले जात होते, तिच्याभोवती किती मोठे अर्थकारण उभे राहिले आहे, हे त्या प्रकरणाने राज्याला दाखवून दिले.

दुसरीकडे, वर्षानुवर्षे साचलेल्या राखेचे डोंगर तसेच आहेत. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातील सिंगरौली येथे राखेचा बंधारा फुटून माणसे दगावली. जुलै २०२२ मध्ये नागपूरनजीक कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राख-तलावाचा बंधारा फुटून राखेचे पाणी शेतांत आणि ओढ्यांत शिरले. वापराच्या टक्केवारीत दरवर्षी निर्माण होणाऱ्या राखेचा हिशेब असतो. तळ्यांत आधीच साठलेली राख त्या टक्केवारीने कमी होत नाही. सिमेंटला हवी ती नेमकी ताजी, बारीक राख, आणि गावांच्या डोक्यावर टांगलेली आहे ती जुनी, भरड राख. एकीच्या वापराचे कौतुक करताना दुसरीचा प्रश्न सुटल्याचा समज होणे धोक्याचे आहे.

स्लॅगची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. दाणेदार स्लॅग उत्तम आहे, परंतु पोलाद कारखाने जेथे आहेत तेथेच, म्हणजे प्रामुख्याने जमशेदपूर, भिलाई, राउरकेला या पट्ट्यात ती मुबलक आहे. सिमेंटसाठी योग्य असलेली बहुतेक स्लॅग आजच वापरली जाते. सिलिका फ्यूम मुख्यतः आयात होते आणि तिची किंमत साध्या मसाल्याच्या आवाक्याबाहेर आहे.

चिकणमातीचा दावा

राख आणि स्लॅग या दोन्हींचे भवितव्य कोळसा आणि झोतभट्टी यांच्याशी बांधलेले आहे. २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केलेल्या देशात या दोन्ही स्रोतांना कधी ना कधी ओहोटी लागणार. पुढील दोन दशके राख मुबलक राहील, हे खरे. तरीही चाळीस-पन्नास वर्षांचा विचार करून भट्ट्या उभारणाऱ्या उद्योगाला दुसऱ्या स्रोताकडे पाहावेच लागते. भाजलेल्या चिकणमातीकडे लक्ष वळले आहे ते यासाठी.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठात कॅरन स्क्रिव्हनर यांच्या नेतृत्वाखाली, क्युबातील आणि भारतातील संशोधकांच्या सहभागाने ‘एलसी३’ हे सिमेंट विकसित झाले. दिल्ली, मद्रास आणि मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांचा त्यात वाटा आहे. यात साधारण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असते. चिकणमाती ७०० ते ८५० अंशांवर भाजली जाते आणि त्या वेळी मातीतून पाणी निघते, कार्बन डायऑक्साइड नव्हे. साध्या सिमेंटच्या तुलनेत उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते. चिनी मातीच्या उद्योगाने नाकारलेली, ४० टक्के केओलिनाइट असलेली माती यासाठी पुरेशी ठरते. गुजरात आणि राजस्थानात अशा मातीचे साठे आहेत. कित्येक खाणींच्या कडेला ती निरुपयोगी म्हणून ढिगांनी पडलेली असते. झाशी येथे या सिमेंटचे नमुना घर उभे राहिले, आणि पुढे जेवर येथील नोएडा आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या बांधकामातही त्याचा वापर झाला.

राखेच्या तुलनेत भाजलेल्या चिकणमातीची प्रक्रिया जलद असते. पहिल्या आठवड्यातच ती ताकदीत भर घालू लागते. पाणी मारण्यातल्या हलगर्जीपणाची काही अंशी भरपाई त्यातून होऊ शकते, आणि मसाल्याच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे. मात्र गवंड्याला ती वेगळ्या रीतीने त्रास देते. तिचे कण चपटे आणि अतिशय बारीक असल्याने पाणी अधिक लागते, मसाला चिकट आणि ताठर होतो. कारखान्यात तयार होणाऱ्या काँक्रीटमध्ये रासायनिक द्रव्य घालून हा दोष दूर करता येतो. घमेल्यात मात्र त्यावर एकच उपाय सुचतो, आणखी एक तांब्या पाणी. तो उपाय ताकद कमी करतो. लोहयुक्त माती भाजल्यावर येणारी लालसर छटा हा आणखी एक अडसर. सिमेंट करडेच असले पाहिजे ही ग्राहकाची श्रद्धा इतकी पक्की आहे की रंग रोखण्यासाठी भट्टीत प्राणवायूचे प्रमाण नियंत्रित करण्याची तंत्रे विकसित करावी लागली. ज्या देशाने शतकानुशतके विटांच्या लाल सुरखीवर धरणे उभारली, तेथे लालसर सिमेंटवर संशय घेतला जावा, हा काळाचाच खेळ म्हणायचा.

कसोटी कोठे लागणार

या साऱ्याचा कस लागणार आहे तो विमानतळांवर नव्हे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०२४ ते २०२९ या काळात आणखी दोन कोटी घरांचे, तर शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात एक कोटी घरांचे लक्ष्य आहे. ग्रामीण योजनेतील घर किमान २५ चौरस मीटरचे असते. सपाट प्रदेशात लाभार्थ्याला १ लाख २० हजार, तर डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य मिळते. घर बांधतो लाभार्थी स्वतः. गोणी निवडतो दुकानदार, प्रमाण ठरवतो गवंडी, पाणी मारते घरातली बाई. अभियंता हप्त्याच्या छायाचित्रापुरता येतो.

अशा घराच्या भिंतीत मिश्र सिमेंट योग्यच आहे, किंबहुना साध्या सिमेंटपेक्षा अधिक योग्य आहे. विटकामाला आणि गिलाव्याला ५३ ग्रेडची गरज नाही. मिश्र सिमेंट मसाल्याला मऊपणा देते आणि दीर्घकाळात ओल रोखते. पण ते वापरताना आणखी राख घालायची नाही, मसाला भिजवल्यावर तासाभराच्या आसपास संपवायचा, वीट आधी भिजवायची आणि गिलावा निदान दहा दिवस ओला ठेवायचा, या चार गोष्टी कोणीतरी सांगाव्या लागतात. गोणीवर सिमेंटचा प्रकार आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो. तो वाचून त्याप्रमाणे काम बदलावे, हे गवंड्याला कोणी शिकवलेले नसते, कारण बहुतेक गवंडी ही कला बिगारी म्हणून राबता राबता शिकलेले असतात.

ग्रामीण आवास योजनेत गवंड्यांच्या प्रशिक्षणाची आणि कौशल्य प्रमाणपत्राची तरतूद आहे. मिश्र सिमेंटच्या वर्तनाला त्या प्रशिक्षणात ठळक स्थान मिळाले, तर कारखान्यात वाचवलेले क्लिंकर भिंतीतही वाचेल. न मिळाल्यास उलटे घडेल. भुसभुशीत गिलाव्याचा अनुभव आलेला घरमालक पुढच्या वेळी हट्टाने ५३ ग्रेडचे साधे सिमेंट मागेल आणि खात्रीसाठी ते दीडपट घालेल. पाच वर्षांनी पडलेला गिलावा पुन्हा करण्यासाठी लागणारे सिमेंटही शेवटी त्याच कारखान्यातून येईल. उत्सर्जनाची लक्ष्ये प्रत्येक टनामागे ठरलेली असल्याने या दुसऱ्या टनाची नोंद कारखान्याच्या खात्यावर दोष म्हणून होणार नाही.

शहरांत यावर बाजाराने स्वतःच एक तोड काढली आहे. कारखान्यात वाळू, सिमेंट आणि खनिज मिश्रण मोजून भरलेला, फक्त पाणी घालून वापरायचा तयार कोरडा मसाला मोठ्या गृहप्रकल्पांत रुळू लागला आहे. पाणी धरून ठेवणारी द्रव्ये त्यात आधीच मिसळलेली असल्याने उन्हातही थर लवकर सुकत नाही. मात्र त्यात वाळूची वाहतूकही गोणीतून करावी लागते आणि तो खर्च तालुक्याच्या गावात, नदी किंवा खडी केंद्र हाकेच्या अंतरावर असताना, कोणी सोसत नाही. तेथे यापुढेही फावड्याने कालवलेलाच मसाला चालेल, आणि फेब्रुवारी ते मे हा बांधकामाचा ऐन हंगाम आणि पाणीटंचाईचाही हंगाम असेल.